ड्रिल मशीनच्या 750 रुपयांबद्दल, दुकानाकडून

नमस्कार साहेब. तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की, नुसते कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे, घासून झिजणारे छोटे ठोकळे) बदलायचे होते, त्याला 4 दिवस लावले आणि 750 रुपये घेतले. तेच कार्बन ऑनलाइन 80 रुपयांना जोडी मिळतात, मशीन अजूनही ठिणग्या टाकतंय, ही लूट आहे. आधी माफी मागतो. गुरुवारी देतो म्हणालो आणि शनिवारी दिलं, ते चुकलंच. तुमचा फोन उचलला गेला नाही, तेही चुकलं.

पण लूट हा शब्द फार लागला. कोल्हापुरात उद्यमनगरात वडिलांनी मोटर वायंडिंगचं टेबल टाकलं, त्याला 30 वर्षं होऊन गेली. महाग म्हणणारे भेटले, हा शब्द कुणी वापरला नव्हता. म्हणून हिशेब इथेच मांडतो, सगळ्यांसमोर.

तुम्ही मशीन आणलं ते पिशवीतून, उघडलेलं. दोन्ही बाजू रबरबँडने बांधलेल्या, स्क्रू वेगळ्या कागदात, त्यात एक कमी. घरी उघडलं म्हणून मी काही बोललो नाही, कारण त्यात गैर काही नाही. मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगतो की मशीन बंद पडलं तर आधी पिन काढा, मल्टिमीटर लावून वायर हँडलपाशी हलवून बघा. रीडिंग येतं-जातं झालं तर वायर आतून तुटलीय, दुकानात यायची गरज नाही. कार्बन झिजून 5-6 मिलिमीटर उरला की बदला, तेही घरी जमतं. फक्त माप तेच पाहिजे.

आणि तिथंच घोटाळा झाला होता, साहेब. तुमच्या मशीनमधले कार्बन त्या मशीनचे नव्हते. अंगानं जाड होते, होल्डरमध्ये ठोकून बसवलेले, एकाला तर पकडीचे ओरखडे होते. कार्बन होल्डरमध्ये बोटानं ढकलला तर सुळकन सरकला पाहिजे, कारण मागची स्प्रिंग त्याला कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या फिरत्या कड्यावर, दाबून धरते. अडकला की टेकत नाही, मध्ये फट राहते आणि त्या फटीतून करंट उडतो. तशाच अवस्थेत तुम्ही स्लॅबला भोकं पाडत राहिलात (हे तुम्हीच सांगितलंत, चार भोकं झाली आणि जळका वास आला). कम्युटेटर काळा पडला होता, नखाला लागेल एवढी चर पडली होती. त्यावर नुसते नवे कार्बन घातले असते तर महिनाभरात पुन्हा तेच झालं असतं, आणि तेव्हा आर्मेचरच (मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग) गेलं असतं.

आर्मेचर सिरीज (तपासणीचा बल्ब जोडलेली वायर) लावून तपासलं, वायंडिंग म्हणजे तारेची गुंडाळी चांगली निघाली. मग लेथवर कम्युटेटर साफ केला. लेथ आमचा नाही, शेजारच्या गल्लीतला आहे, तिथला माणूस दोन दिवस गावी होता. उशीर तिथं झाला. लेथवरून आलं की तांब्याच्या प्रत्येक दोन पट्ट्यांमधला अभ्रक हॅक्सॉच्या पात्याच्या तुकड्यानं खरवडून खाली घ्यावा लागतो, नाहीतर तो वर राहून कार्बन उडवतो. ते हातानंच होतं, मान मोडून. मागचं 607 नंबरचं बेअरिंग वाजत होतं, तेही बदललं. कार्बन 80, बेअरिंग 120, लेथ 150, मजुरी 400. झाले 750. ग्रीस नवीन भरलं आणि हरवलेला स्क्रूही घातला, त्याचे पैसे लावलेले नाहीत.

ठिणग्यांचं म्हणाल तर नवे कार्बन सपाट असतात, कम्युटेटर गोल. घासून बसेपर्यंत बारीक निळसर ठिणगी दिसणारच. ती गोल फिरून कड्यासारखी दिसायला लागली किंवा वास आला तर मात्र लगेच बंद करा आणि घेऊन या, एक पैसा घेणार नाही.

शनिवारी दुकानात काँक्रीटच्या ठोकळ्यात तुम्ही स्वतः भोक पाडून बघितलंत. आवाज किती गुळगुळीत झाला, असं म्हणालात. तेव्हाच 750 का, असं विचारलं असतंत तर टेबलावर सगळं दाखवलं असतं. रविवारी सकाळी हे वाचायला मिळालं. आमच्याकडे येणारी अर्धी माणसं आता आधी हे तारे बघून येतात, म्हणून एवढं लांबण लावलं.

यापुढे खर्चाचा आकडा आधी फोनवर सांगू आणि चिठ्ठीवर लिहून देऊ, तेवढं सुधारतो. तुमचे ते जाड कार्बन आणि जुनं बेअरिंग तुमच्या नावाच्या पाकिटात ठेवलंय. सोमवार सोडून कधीही या, सकाळी 10 ते संध्याकाळी 7.