एकाग्रतेचे दोन झुरके

कॅनडात एप्रिल म्हणजे टॅक्सचा महिना. 30 तारखेच्या आत विवरणपत्र भरायचं, आणि आमच्या घरात ते काम माझ्याकडे, कारण आकडे बघितले की नवऱ्याला झोप येते. हा माणूस इंजिनियर आहे. मला झोप येत नाही, पण कागद पुढ्यात घेतला की जगातलं दुसरं सगळं आठवायला लागतं. ऑफिसातल्या एका तरुण मैत्रिणीनं उपाय सांगितला, "दिवसा लक्ष लागायला सॅटिव्हा जातीचा गांजा घे."

गांजा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे देवळामागे चिलीम ओढत बसलेले गांजेकस येतात. त्यातला एकही कधी कामाला लागलेला मी पाहिला नाही. पण इथे 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर. आमचं मिसिसागा शहर तेवढं 2023 पर्यंत दुकानं नकोत म्हणून अडून बसलं होतं. शेवटी गेले एका दुकानात. आतलं बाहेरून दिसू नये म्हणून काचा धुरकट, थेट आपली परमिट रूम. दारातल्या पोरानं वयाचा पुरावा मागितला. गिऱ्हाईक पंचविशीच्या आतलं वाटलं तर विचारायचं, असा नियम आहे म्हणे. माझं वय मी सांगणार नाही, पण त्यानंतर त्यानं मला काहीही विकलं असतं.

त्यानं समजावलं: इंडिका घेतली की सोफ्यावर आडवं, सॅटिव्हा घेतली की कामाला उभं. सॅटिव्हा हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 मध्ये दिलं, इंडिका त्याच पेशातल्या लामार्कनं 1785 मध्ये. दोघांनीही झाडं पाहिली होती, माझं टॅक्स रिटर्न नव्हे. कॅनडातल्याच डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनी तर 2021 मध्ये शेकडो नमुने तपासून सांगितलं, की या लेबलांचा झाडाच्या जनुकांशी फारसा मेळ बसत नाही. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मी ‘डर्बन पॉयझन’ आणि ‘ग्रीन क्रॅक’ नावांनाच घाबरून ‘जॅक हेरर’ची एक वळलेली कांडी उचलली. निदान माणसाचं नाव होतं.

डबी लहान मुलांना उघडता येऊ नये अशी केलेली असते. मलाही येईना. शेवटी सांडशीनं उघडली.

मागच्या अंगणात दोन झुरके घेतले, ठसका लागला, शेजारणीला हात केला आणि टेबलाशी येऊन बसले. थोड्याच वेळात लक्ष लागलं. असं लागलं, की दहावीच्या भूमितीलाही कधी लागलं नव्हतं. फक्त कशाला लावायचं हे मला कुणी विचारलं नाही.

ते लागलं टी-4 च्या, म्हणजे मालकाकडून मिळणाऱ्या पगाराच्या नि कापलेल्या कराच्या दाखल्याच्या, चौकटींच्या क्रमांकांना. 14 मध्ये पगार, 16 मध्ये पेन्शनची वर्गणी, 18 मध्ये बेकारीचा विमा, 22 मध्ये कापलेला कर. सगळे कसे शिस्तीत सम. मग मधेच हा 17 कुठला? शोधलं, तर क्युबेक प्रांताच्या पेन्शनचा! म्हणजे क्युबेक इथेही वेगळा. मला इतकं हसू आलं, की घशाला कोरड पडली. पाणी प्यायला उठले तर ओट्यावर मेथीची जुडी. टॅक्स भरायचा मनसुबा तिथेच संपला. एकेक पान खुडलं, देठ वेगळे, कोवळी पानं वेगळी, किंचित पिवळी वेगळी, आणि मधल्या आकाराच्या पानांवर अन्याय होतोय असं वाटून त्यांचा चौथा ढीग.

नवरा आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"अगं, टॅक्स झाला का?"

"17 क्युबेकचा आहे," मी म्हटलं.

त्यानं ढिगांकडे पाहिलं, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि समजूतदारपणे चहा टाकला. मग कप घेऊन टी-4 उचलला. बराच वेळ बोलला नाही. चहावर साय धरली.

"पण मग," तो म्हणाला, "19 आणि 21 कुठे गेले?"

त्यानं तर काही ओढलंही नव्हतं.