चेलो कुठून येतोय?

नवरा निवृत्त झाला की स्वयंपाकघरात लुडबुड करतो, डबे उघडून बघतो, कणीक किती सैल भिजवायची ते शिकवतो, असं मैत्रिणींनी बजावून ठेवलं होतं. त्या सगळ्याच्या तयारीत मी होते. आमच्या ह्यांनी मात्र शूबर्ट काढला.

फ्रान्झ शूबर्ट हा व्हिएन्नाचा संगीतकार. नोव्हेंबर १८२८ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेला बिचारा. जाण्याआधी जेमतेम दीड-दोन महिने त्याने पाच वाद्यांसाठी एक रचना पुरी केली: दोन व्हायोलिन, त्यांहून जरा मोठा एक व्हिओला आणि आणखी मोठे, खर्जातले दोन चेलो. ती जाहीरपणे वाजायला १८५० उजाडलं आणि छापून यायला १८५३. तेवढी वर्षं जगाने कळ काढली. ह्यांना एका रेकॉर्डिंगवरून दुसऱ्यावर उडी मारायला अर्ध्या मिनिटाचाही धीर निघत नाही.

ऐकत बसले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पन्नासेक मिनिटांची रचना, तेवढ्यात दोन जुड्या मेथी निवडून होते. पण हे ऐकत नाहीत. हे तुलना करतात.

त्यासाठी दिवाणखान्याची आधी मोजणी झाली. दोन्ही स्पीकरपासून सारखं अंतर येईल अशा जागी फरशीवर चिकटपट्टीची फुली मारली. खुर्चीचे मागचे पाय फुलीवर, पाठ सरळ, डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी कामाच्या बाईंनी ती फुली सुरीने खरवडून काढली, वर 'वहिनी, किती चिकटून बसलं होतं' म्हणून मलाच ऐकवलं. त्या दिवशी घरात सुतक होतं. तेव्हापासून तेवढी एक फरशी सोडून पुसली जाते.

मग मला हाक येते. "अगं, दोन मिनिटं ये." ही दोन मिनिटं मात्र खरोखर दोन मिनिटं असतात. सुरुवातीला पाचातले चौघे एकच सूरमेळ हळू धरतात, तो फुगत जातो आणि मध्येच असा काही काळवंडतो की दूध उतू गेल्यासारखं पोटात धस्स होतं. पुढे साधारण दोन मिनिटांनी दोन्ही चेलो जोडीने गायला लागतात. हे फार सुंदर आहे, मला मान्य आहे. तेवढ्यात ह्यांचा प्रश्न येतो.

"दुसरा चेलो कुठून येतोय?"

"स्वयंपाकघराच्या बाजूने."

"बघ! आता हे ऐक." की लगेच दुसरी मंडळी, पुन्हा तोच सूरमेळ, पुन्हा फुगणं, पुन्हा काळवंडणं. जुन्या मोनो रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे डावं-उजवं वेगळं न केलेल्या, तर सगळे एकाच जागेहून येतात. तरी प्रश्न तोच, आणि मी उत्तर द्यायचंच.

आवाजाची पातळी सारखी नसेल तर तुलना फुकट, कारण जे जरा मोठ्याने वाजतं तेच कानाला सरस वाटतं. हे खरं असावं, आमच्या सोसायटीच्या सभेतही तसंच होतं. म्हणून हे मोबाइल हातात धरून डेसिबल मोजतात. आजवरचा सर्वोच्च आकडा कुकरच्या नावावर आहे.

एकदा नावं झाकून परीक्षा घ्यायचं ठरलं. मी लावायचं, ह्यांनी ओळखायचं. पण स्पेनचे पाब्लो कासाल्स नावाचे थोर चेलोवादक, त्यांना वाजवता वाजवता हुंकार द्यायची सवय. फ्रान्सच्या प्राद गावात त्यांनी १९५२ साली ही रचना रेकॉर्ड केली, तेव्हा ते पंच्याहत्तरीचे होते. आता त्या हुंकारावर झाकण कसं घालणार? उरलेली मंडळी ह्यांनी नुसत्या खरखरीवरून ओळखली. परीक्षा मिनिटभरात संपली आणि विद्यार्थी पहिला आला.

मला स्वतःला हीच रचना वाजवणाऱ्या हॉलिवूडच्या चौकडीत जास्त रस आहे. ही माणसं सिनेमाच्या स्टुडिओंमधल्या वाद्यवृंदांत नोकरी करायची. पहिलं व्हायोलिन फेलिक्स स्लॅटकिनचं आणि चेलो त्याच्या बायकोचा, एलिनॉर अ‍ॅलरचा. नवरा-बायको एकाच चौकडीत! तालमीत 'तू घाई केलीस' असं आधी कोण म्हणत असेल आणि त्या रात्री जेवायला काय होत असेल, यावर कोणी लिहिलं तर मी विकत घेऊन वाचेन. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "पाचवा, म्हणजे दुसरा चेलोवाला, बाहेरून आणला होता." वा! म्हणजे ऐकवायला पाहुणाही होता.

शिवाय पहिल्या भागाचा पूर्वार्ध पुन्हा वाजवा, असं शूबर्टने लिहून ठेवलंय. काही कलाकार ते पाळतात आणि तो भाग वीसेक मिनिटांवर जातो, काही चौदा-पंधरात आटपतात. न पाळणाऱ्यांना हे कामचुकार म्हणतात. स्वतः दोन मिनिटांच्या पुढे जात नाहीत, ते वेगळं.

गेल्या महिन्यात सासूबाई राहायला आल्या. सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हापासूनच्या त्या श्रोत्या. त्या दिवशी दुसऱ्या भागाची तुलना चालली होती. मधली तिघं अगदी संथ सूर धरून, वर व्हायोलिनचे चार-दोन उद्गार, खाली चेलोची तार नुसती छेडलेली. ह्यांनी सवयीने बंद केलं.

"अरे, विलंबित चाललंय आणि मध्येच काय बंद करतोस? भीमसेन असा बंद केला असतास?"

"आई, मी तुलना करतोय."

"तुलना सुनांची करायची. लाव परत."

मी एकुलती एक सून असल्याने निश्चिंत होते. ह्यांनी लावलं, आणि आमच्या घरात शूबर्ट पहिल्यांदाच पुढे सरकला. संथपणाच्या मधोमध एकदम वादळ आलं, खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला, आवाज कमी करायला ह्यांनी उचललेला हात आईंनी धरून ठेवला. तिसऱ्या भागात शिंग फुंकल्यासारखा दणका. चौथ्यात ठुमकत नाच, शेवटाला लय चढत जाते, सगळे षड्जावर येणार असं वाटतं, आणि त्याच्या उंबरठ्यावर जोरात एक भलताच सूर.

"कोमल रिषभ लावला मेल्याने!" आई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "जाता जाता!"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सी हा पाश्चात्त्य सूर षड्ज धरला तर शेवटून दुसरा सूर खरोखरच कोमल रिषभ. पण तिथवर हे कधी पोचलेच नव्हते. दुपारपर्यंत सगळ्या रेकॉर्डिंगांची फक्त शेवटची दहा सेकंदं ओळीने वाजली. फुलीवरची खुर्ची आता आईंकडे होती. कोणाचा रिषभ आखूड, कोणाचा नीट ठेवलेला, यावर मायलेकांचं चांगलंच जुंपलं. जेवणं पावणेतीनला.

शेवटी ह्यांनी वही उघडली आणि अदबीने विचारलं, "आई, पहिला नंबर कोणाचा?"

"तो हुंकार देणारा म्हातारा. बाकीचे नोकरी करतायत."

ह्यांनी लिहून घेतलं.