मी खुडूक बसतो

कोल्हापुरात घरी कोंबडी पाळायची म्हटली, तर 'का' असं कुणी विचारत नाही. 'कधी' असं विचारतात, आणि तो 'कधी' पाळण्याबद्दल नसतो. मी घरीच यंत्र करून अंडी उबवणार, हे गल्लीत कळलं तेव्हा समोरच्या तालमीतल्या पोरांनी २१ दिवस अधिक वाढीचे महिने असा हिशेब कट्ट्यावर बसूनच केला, आणि तांबडा जास्त ठेवायचा का पांढरा यावर त्यांच्यात दोन गटही पडले. अंडं अजून कोंबडीच्या पोटात होतं.

हे काम खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी फुकटात करते, हे मला मान्य आहे. एकदा खुडूक बसली की तिला दुसरा उद्योग नसतो. पोटाची पिसं झडतात, म्हणजे अंगाची ऊब थेट अंड्याला लागते. चोचीनं दिवसभर अंडी उलथीपालथी करते, दिवसाकाठी जराशी उठून खाऊन-पिऊन येते, की पुन्हा बैठक. वायर नाही, बिल नाही. तरीही मला हे थर्माकोलच्या खोक्यात करायचं होतं. चाळिशीत माणसाला काहीतरी होतं. कुणी गिअरची सायकल घेतो, कुणी पहाटे रंकाळ्याला पळायला लागतो. मला हे झालं.

खोकं औषधाच्या दुकानातनं मिळालं, लशी येतात तसलं जाड. पंखा जुन्या कॉम्प्युटरमधला. अडलं ते बल्बवर. ऊब द्यायला तारेचा जुना पिवळा बल्ब लागतो, आणि तो बाजारातनं गायब झालाय.

"एलईडी न्या की साहेब," दुकानदार म्हणाला. "अजिबात गरम होत नाही."

"मला गरमच व्हायला पाहिजे."

"वीज वाचते."

"उजेड नसला तरी चालेल, पण गरम झाला पाहिजे."

त्यानं पोटमाळ्यावरच्या पोराला हाक मारली, "आरं, त्या गणपतीच्या डेकोरेशनच्या खोक्यात बघ जरा," आणि पोर हुडकेपर्यंत तो माझ्याकडं, गिऱ्हाईक सुटलं तरी चालेल, अशा नजरेनं बघत होता. चाळीस वॅटचे दोन निघाले. दोन्ही घेतले. एक फुटणार, हे घरच्यांनी गृहीतच धरलं होतं.

मग अंड्यांखाली घालायची जाळी कापून घ्यायला शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथल्या माणसाकडं साधं काम घेऊन जाऊ नये. इंजिनाचे पार्ट मायक्रॉनमध्ये मोजणारी ती माणसं.

"टॉलरन्स किती ठेवू?" त्यानं विचारलं.

"अंडी ठेवायची आहेत हो."

"मग थर्माकोल कशाला? दोन एमएमचा पत्रा घेऊ, आतनं ग्लासवूल भरू, गिअरची मोटर लावू. ट्रे आपोआप तिरका होईल. हजार अंड्यांचं करून टाकू मालक, नाद करायचा तर पुरा करायचा."

"माझी डझनभर अंडी आहेत."

त्यानं ग्राइंडर बंद केला. "डझन? मग अंड्याची पोळी करून खावा की."

डझन तरी कुठली होती? दुकानातली अंडी उबवून उपयोग नाही, कारण पोल्ट्रीतल्या त्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा बघितलेला नसतो. म्हणून पन्हाळ्याच्या पायथ्याला मावशीकडं गेलो. तिच्या अंगणात तांबड्या तुऱ्याचा कोंबडा आहे आणि तो स्वतःला सरपंच समजतो. मावशीनं सगळा बेत शांतपणे ऐकून घेतला.

"म्हंजे तू लाईट लावून बसिवणार?"

"हो."

"आणि ही काय करतीया?" तिनं कोपऱ्यातल्या पाटीकडं बोट केलं. पाटीत एक करडी कोंबडी रिकाम्याच पेंढ्यावर डोळे वटारून बसली होती. "पाण्यात बुडवून काढली तरी उठंना झालीया. हिलाच घिऊन जा. मी सांगतो तुला, हिला बटण बी न्हाई."

मी नको म्हणालो. मावशीनं अंडी भुश्यात घालून दिली आणि वर एक गंजका खिळा दिला. वळवाचे दिवस आहेत, गडगडलं की अंडी बाद होतात, लोखंड जवळ ठेव म्हणाली. एसटीत डबा मांडीवर घेऊन बसलो. खड्डा आला की मी सीटवरनं वर उठायचो, म्हणजे हादरा मला बसावा. कंडक्टरनं एकदा डब्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुढं गेला. घरी आल्यावर अंडी रात्रभर बोथट टोक वर करून नुसती ठेवली. प्रवासात आतली हवेची पोकळी हलते, ती जाग्यावर बसावी लागते. मी मात्र झोपलो नाही.

पंखा असलेल्या खोक्यात ३७.५ अंश लागतात. जरा कमी झालं तर अंडी थोडा वेळ सोसतात, जास्त झालं की आतला जीव शिजतो. ऑनलाइन मागवलेला थर्मोस्टॅट ३७.५ दाखवत होता, म्हणून खात्रीला घरातला तापाचा थर्मामीटर आत सरकवला. त्यात ३८.४. आता खोटं कोण? मग वाचलं की इजिप्तमध्ये शेकडो वर्षं मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवायचे आणि तिथले कारागीर अंडं पापणीला लावून ऊब ओळखायचे. मीही एक अंडं काढून डोळे मिटून पापणीला लावलं. नेमके तेव्हाच आण्णा पाणी प्यायला आले. काही न बोलता परत गेले. आतनं आईचा आवाज आला, "राहू दे, त्याला काय विचारू नका."

अंडी दिवसातनं निदान तीनदा फिरवायची असतात, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. एका बाजूला पेन्सिलनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुली, दुपारी गोल, रात्री फुली, दुसऱ्या दिवशी उलटं. सांगलीच्या लग्नाला मी गेलो नाही. बायकोनं मांडवात कारण सांगितलं असावं, कारण तिकडच्या मामांनी फोन करून 'बाळंतीण बरी आहे का' असं विचारलं.

आठवड्यानं सगळं घर न्हाणीघरात जमलं. लाईट बंद, मोबाईलची बॅटरी अंड्याच्या बोथट टोकाला. कवच आतनं नारिंगी उजळलं आणि त्यात तांबड्या शिरांचं जाळं दिसलं, कोळ्यानं विणल्यासारखं. मधोमध एक काळा ठिपका, आणि तो हलला. आई चटकन मागं सरली. त्या दिवसापासनं घरात पोळी बंद झाली. अंडी हा शब्दही बंद. "पिल्लांचं पाणी बघितलंस का?" असं ती विचारायची. पिल्लांचं पाणी म्हणजे ओलाव्यासाठी ठेवलेली बशी.

आणि मग वळीव आला. पन्हाळ्याकडनं काळं होऊन आलं, एक कडाड झाली आणि लाईट गेली. तक्रारीच्या नंबरवर नुसती गाणी लागत होती. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून खोक्यात ठेवल्या, वरनं आईची वाकळ टाकली. आण्णा वाकळीवर हात ठेवून अंधारात बसले, ते उठायचं नाव घेईनात. शेवटी वरच्या काकूंच्या इन्व्हर्टरवरनं वायर सोडली. त्यांच्या मालिकेत त्या दिवशी कुणाचा तरी खून उघडकीला यायचा होता. काकूंनी तो सोडला. पण तेव्हापासनं त्या पिल्लांच्या चौकशीला हक्कानं यायला लागल्या. खिळा खोक्यावर होताच. त्याचा काही उपयोग होतो, असं मी म्हणत नाही. पण काढलाही नाही.

१८व्या दिवशी फिरवणं बंद करायचं, पाणी वाढवायचं आणि झाकण उघडायचं नाही. हे झाकण न उघडणं सगळ्यात अवघड. खोकं करताना मी झाकणात काचेचा तुकडा बसवला होता, त्याच्यापुढं आता नंबर लागायला लागले. तालमीतली पोरंही यायची, आधी रश्श्याच्या नजरेनं, नंतर नुसतीच. कवच फुटायच्या आधीच आतनं चिवचिव ऐकू आली. मग एका अंड्याला बारीक तडा. तडा गेल्यापासनं पिल्लू बाहेर यायला दिवसही जातो, आणि मदत करायची नसते, कारण शिरांमधलं रक्त आणि पिवळा बलक अजून आत ओढला जायचा असतो. हे काकूंना पटेना. "अडलीय बिचारी, जरा नख लावा की!" काकूंना खोक्यापासनं लांब ठेवणं हे लाईटीपेक्षा मोठं संकट होतं.

निघाली. सगळी नाही, पण निघाली. ओली, चिकट, अगदी बघवेनात अशी. वाळली तशी फुगली.

पण बल्ब सुटला नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंश तरी ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी कमी करायची. मी पुन्हा थर्मामीटर घेऊन बसलो, तेवढ्यात मावशी दारात उभी. बगलेत पिशवी, पिशवीतनं करडी मान बाहेर. तीच. अजून खुडूकच होती.

"रात्रीच्याला पोटाखाली सारायची," मावशी म्हणाली. "सकाळी तिला वाटतंय, आपणच काढल्यात."

रात्री अंधारात एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली सारलं. सकाळी चारा टाकायला हात घातला, तर तिनं मनगटावर अशी चोच मारली की रक्त आलं. मी परका झालो होतो. आई म्हणाली, "बरोबरच आहे तिचं."

त्याच आठवड्यात उद्यमनगरवाला टेम्पो घेऊन आला. चकचकीत पत्र्याची पेटी, गिअरची मोटर, काचेचं दार. डझनाचीच केली होती. मी ऑर्डर दिली नव्हती, पण त्यालाही झोप लागली नसावी. पैसे देऊन टाकले. आता थर्माकोलच्या खोक्यात बायको दही लावते, ३७.५ वर. पावसाळ्यातसुद्धा वडीसारखं घट्ट लागतं, आणि ते खोकं परत मागायचं नाही, असं तिनं मला बजावून ठेवलंय.