मंदी कुठं आली होती बे?

दिवाळीला फोनवर शाळेतल्या मित्रानं पुन्हा तेच ऐकवलं. "२००८ ला अख्खं जग बुडालं, आपल्याला काय झालं बे? आपल्या सरकारी बँका, आपल्या बायकांचं सोनं! तुमच्याकडं ब्रिटनमध्ये बँकेपुढं रांगा लागल्या होत्या."

रांगा लागल्या होत्या, खरं आहे. पण 'आपल्याला' म्हणजे कुणाला? हा गडी रेल्वेत. त्याच साली त्याला सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली. त्याला मंदी दिसणार कुठून?

आमच्या दादाचं सोलापुरात अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलचं शेड होतं, बारा लूमचं. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या अमेरिकन बँकेनं न्यूयॉर्कात दिवाळं काढलं आणि त्या हिवाळ्यात दादाची ऑर्डर आधी 'थांबा' आणि मग 'रद्द' झाली. माल तयार होता, कडा शिवून, कोपऱ्यात इंग्लंडच्या दुकानाचं लेबल लावून. तो शेवटी किलोवर विकला. बारातले पाच लूम चालू राहिले. कामगारांनी उचल घेतलेली, पण फेडायला कामच नाही. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, कित्येक घरांत तेव्हा चूल पेटायची ती बाईनं वळलेल्या विड्यांवर.

डॉलर २००८ च्या सुरुवातीला ४० रुपयांच्या आत होता, मार्च २००९ मध्ये ५० च्या वर. निर्यातदाराची चांदी, असं पेपरात छापून यायचं. ऑर्डरच नसेल तर चांदी कसली? रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो व्याजदर, सहा-सात महिन्यांत ९ वरून ४.७५ टक्क्यांवर आणला. चांगलंच केलं. पण विणकर उचल मालकाकडून घेतो, रिझर्व्ह बँकेकडून नाही. देशाची वाढ तेव्हाच्या आकड्यांत ६.७ टक्क्यांवर टिकली हेही मान्य, ब्रिटनची तर शून्याखाली गेली. पण वाढीच्या आकड्यावर कुणी दळण आणलेलं मी पाहिलं नाही.

इथं निदान बेकारभत्ता देणारं सरकारी जॉब सेंटर होतं. आठवड्याला साठेक पौंड, काउन्सिल टॅक्सात, म्हणजे इथल्या घरपट्टीत, सूट. माणूस पडला तरी जमिनीपर्यंत जात नाही. हे मी त्याला दरवेळी सुनावतो.

एक गोष्ट मात्र सांगत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये माझीही नोकरी गेली. माझ्या व्हिसावर सरकारी मदत घ्यायची नाही असं स्पष्ट छापलेलं, म्हणजे जॉब सेंटरचं दार मला बंदच. चार महिन्यांचं भाडं दादानं पाठवलं. पैसे कुठले, विचारलं तर म्हणाला, "हायत बे, तू कशाला चौकशा करतो?" सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला गेलो तेव्हा शेडात दहाच लूम होते. दोन भंगारात गेले होते. वहिनीच्या हातात पाटल्या नव्हत्या.

म्हणजे बायकांच्या सोन्याचं त्याचं बोलणं अगदीच खोटं नाही. माझ्या मुद्द्यात बसणारं नाही, एवढंच. फोनवर मी तेव्हाही भांडलो.

त्या रद्द मालातले सहा टॉवेल वहिनीनं माझ्या बॅगेत कोंबले होते. लेबलावरचं दुकान इथल्या हाय स्ट्रीटवरून केव्हाच उठलं. परवा शेजारीण बाथरूममधून बाहेर येत म्हणाली, "अजून टिकलेत? मीही त्याच दुकानातून घ्यायचे."

मी हो म्हणालो.