अर्जदार शौचालयासह

परवा माझा एक फोटो सरकारदप्तरी जमा झाला. त्यात मी आमच्या परसातल्या संडासाच्या दारात उभा आहे. हातात पाटी, पाटीवर खडूने माझं नाव आणि तारीख. चेहऱ्यावर जे काही आहे त्याला गावातले तात्या 'जरा हसरो' म्हणतात. फोटोच्या मागे शिपायाने निळ्या पेनाने लिहून ठेवलंय : 'अर्जदार शौचालयासह'. आजवर लग्नपत्रिकांवर 'सहकुटुंब, सहपरिवार' एवढीच माझी मजल गेली होती.

मी मागितलं काय होतं? पडवी. सिंधुदुर्गात आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. (गावाचं नाव सांगत नाही, फाईल अजून तिथेच आहे.) 2021 च्या तौक्ते वादळात जी पडवी जागची हलली नाही, ती गेल्या पावसाळ्यात एका रात्री काही कारण नसताना बसली. ती होती तशी, होती तिथे, होती तेवढीच परत बांधायची. गवंडी तयार, चिरे सांगून ठेवलेले. गवंडीच म्हणाला, "दादा, एक परवानगी तेवढी घेऊन टाका, आजकाल लोक तक्रारी करतात."

ग्रामपंचायतीत पहिला प्रश्न आला, "घर गावठाणात आहे का?"

आता हा प्रश्न घाटावरचा आहे. तिकडे घरं एकमेकांना टेकून उभी, भोवती शेतं; कुणी शिंकलं तर गावठाण कुठे संपतं ते कळतं. आमच्याकडे एक घर या डोंगरीला, दुसरं त्या व्हाळापलीकडे, मध्ये आंबे-फणस आणि भावकीची भांडणं. ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा, त्याचं कलम 52 बांधकामाला पंचायतीची परवानगी घ्यायला सांगतं. पण घर गावठाणाबाहेर असेल तर विषय महसूलकडे सरकतो. तिथे पुन्हा दिलासा असा की गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन प्रादेशिक योजनेत बसत असेल तर अकृषिकची वेगळी परवानगी लागत नाही. छान आहे. फक्त हे 200 मीटर आमच्याकडे कुठून मोजायचे ते सांगा. देवळापासून? एसटीच्या थांब्यापासून? 2020 साली स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाणं मोजून लोकांना सनदा द्यायला. घाटावर लोकांनी हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या आणि ड्रोन वरून गेला. आमच्या वाडीवरून ड्रोन गेला तर त्याला माडांचे शेंडे दिसतील.

या प्रश्नावर मी गप्प उभा असताना बाकावरून आवाज आला, "खंयच्या वाडीतलो रे तू?"

हे तात्या. ग्रामपंचायतीत त्यांना कुठलंही पद नाही, कुठलंही काम नाही, आणि कार्यालय उघडायच्या आधीपासून ते तिथे असतात. पंख्याखालचा बाक त्यांचा. सरपंच बदलतात, बाक बदलत नाही. मी घराणं सांगितलं.

"म्हणजे तुजो बापूस आनी मी एकाच वर्गात. तो पास झालो." एवढी ओळख झाल्यावर त्यांनी माझं प्रकरण ताब्यात घेतलं. "पडवी पडली म्हणजे किती पडली?"

"सगळी."

"सगळी?" तात्यांच्या चेहऱ्यावर खरं दुःख होतं. "अरेरे. एक भिंत तरी रवाक व्हयी होती."

मला वाटलं घराबद्दल हळहळतायत. ते कायद्याबद्दल होतं.

"एक भिंत रवली तर दुरुस्ती. एकव नाय रवली तर नवीन बांधकाम. खांब तरी आसा?"

"एक आहे. वाकलाय."

"मगे तेका पाडू नको. तेका धरून रव. खालच्या वाडीत एकान अख्खा घर नव्यान बांधल्यान, परवानगी नाय, काय नाय. कसा? दर वर्सा एक भिंत! एका वर्सा न्हाणी, दुसऱ्या वर्सा माजघर, मगे वळय. आता जुन्या घराची फकत एक खिडकी उरली हा. दुरुस्ती अजून चालूच आसा."

"आणि घरपट्टी?"

"जुनीच!" तात्या इतके खूश झाले की शेजारी दाखल्यासाठी बसलेल्या बाईंनी सुद्धा मान डोलावली.

संगणकावरची मुलगी मात्र कायद्याची पक्की होती. तिने यादी दिली. नमुना 8 हवा. मी तलाठ्याकडून मोठ्या अभिमानाने आठ-अ आणला होता. तो जमिनीचा, हा घरपट्टीचा, तो तिकडे मिळतो, हा इकडे. (तलाठ्यांना 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी. पाट्या नव्या आहेत. कपाटं त्यांनी तशीच ठेवली.) सातबारा हवा आणि त्यावरच्या सगळ्या सहहिस्सेदारांची संमती हवी. आमच्या सातबाऱ्यावरचे निम्मे लोक स्वर्गवासी आणि उरलेले डोंबिवलीत. डोंबिवलीतल्या एका चुलतभावाने नकाशा मागवून घेतला, दोन दिवस त्याचा अभ्यास केला आणि विचारलं, "यात माझा वाटा कुठला? दरवाजाकडचा की गडग्याकडचा?" गणपतीला चार दिवस येतो तेव्हा तो माडीवर झोपतो, पडवीत पायसुद्धा पसरत नाही. तेही असो.

यादीत शेवटी होता शौचालयाचा दाखला.

"हा कोण देतं?" मी विचारलं.

"आम्हीच."

"मग द्या."

"त्याला फोटो लागतो. लाभार्थ्यासकट."

मी सांगितलं की मी लाभार्थी नाही. तो संडास माझ्या वडिलांनी पदरच्या पैशाने बांधला, कुठलंही अनुदान न घेता, आणि बांधून इतकी वर्षं झाली की आता त्याचीच दुरुस्ती काढायला हवी. (हे वाक्य मी मध्येच गिळलं. न जाणो, त्याचाही अर्ज निघायचा.) ती शांतपणे म्हणाली, "सर, सिस्टीम तसं घेत नाही."

सिस्टीमपुढे कुणाचं काय चालतं? शिपाई त्याचा मोबाईल घेऊन निघाला आणि कुणी न बोलावता तात्याही निघाले. वाटेत त्यांनी आणखी दोन माणसं गोळा केली. परसात पोचलो तेव्हा माझ्यामागे छोटीशी वरात होती.

"दारात उभो रव," तात्यांनी सूत्रं घेतली. "तसो नाय. जरा डावीकडे. कडी दिसाक व्हयी. कडी दिसली नाय तर सायब म्हणतलो, ह्यो नुसतो आडोसो."

मी कडी दाखवली.

"आता दार अर्धा उघड. भांडा दिसाक व्हया. हां. आनी तोंड असा कशाक केलंस? कोण मेला काय? जरा हस."

एवढ्यात पलीकडच्या गडग्यावरून काकीने डोकं काढलं. "काय रे, मुंबैसून संडासाचे फोटो काढूक इलंस?" तिच्यामागून तिची सून आली, सुनेमागून शाळेतून परतलेली दोन मुलं. त्यातल्या एकाने आपलाही मोबाईल काढला. तो फोटो कुठे गेला ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी तिठ्यावरच्या चहावाल्याने माझ्याकडे पाहून पाठ फिरवली आणि त्याचे खांदे हलत होते.

हे सगळं होऊन फोटो बाद झाला. कारण आमच्या परसात रेंज नाही, आणि अक्षांश-रेखांश छापणाऱ्या अ‍ॅपला रेंजशिवाय आपण कुठे आहोत हे कळेना. त्याने आम्हाला खाडीत उभं केलं. संगणकावरच्या मुलीने नकाशा मोठा करून दाखवला : निळं पाणी, त्यात एक लाल खूण, तो मी. मग पुन्हा वरात, पुन्हा कडी, पुन्हा भांडं. या वेळी शिपायाने आधी फणसाखाली जाऊन रेंज पकडली आणि मोबाईल उंच धरून माझ्याकडे धावत आला. हसायचं मात्र मी नाकारलं. तेवढं स्वातंत्र्य मी राखलं असं मला वाटत होतं, पण तात्यांचं मत वेगळं आहे.

दाखला मिळाला. फाईल पूर्ण झाली. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे शेजारच्या गावाचाही कार्यभार, त्यामुळे ते येतात त्या दिवशी बैठक असते आणि बैठक नसते त्या दिवशी ते येत नाहीत. तरी एकदाचे भेटले, सज्जनपणे बसवून घेतलं आणि फाईल उघडली. सगळ्यात वर एक पिवळा कागद होता. हरकत अर्ज. 'सदर पडवीमुळे माझ्या गुरांच्या परंपरागत वहिवाटीस बाधा पोचत असून...' खाली सही तात्यांची.

तात्या बाकावरच होते.

"ही हरकत तुमची?"

"माजीच ती," ते जरा सरसावून बसले. "अक्षर बरा आसा मां?"

"तात्या, तुमचं घर व्हाळापलीकडे. तुमची गुरं आमच्या परसात कशाला येतील?"

"गुरा खंय आसत आता? इकून धा वर्सा झाली. पण वहिवाट आसा मां!"

मी काही बोलेना, तशी त्यांना माझी दया आली. "रागावतंस कशाक? अरे, हरकत नाय इली तर फाईल तशीच पडान रवता. तिका कोण उघडता? हरकत इली काय सायबाक उघडूचीच लागता. मगे सुनावणी, मगे तारीख. फाईल जित्ती रवता! माज्या झिलाच्या दुकानार पण मीच हरकत टाकलेलंय."

"मग?"

"मगे मागे घेतलंय. तवसर तेचो धंद्याचो विचार बदललो."

इथवर मलाही हसू येत होतं. पण अधिकाऱ्यांना मी जे विचारलं ते हसत विचारलं नव्हतं. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली 2020 च्या डिसेंबरात आली. छोट्या घरांसाठी तिच्यात सरळ मार्ग आहे : भूखंड 150 चौरस मीटरपर्यंत असेल तर परवाना असलेल्या अभियंत्याचा दाखला जोडून नुसतं कळवायचं, 300 पर्यंत असेल तर दहा दिवसांत निकाल. त्यानंतर ग्रामविकास खात्यानेही गाजावाजा करून सांगितलं की 3200 चौरस फुटांपर्यंत खेड्यातल्या माणसाने नगररचनाकडे धावायचं नाही. माझी पडवी बारा फूट बाय वीस. अधिकारी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण आपल्याकडे ते लागू कसं करायचं याचं आम्ही वरून मार्गदर्शन मागवलंय." मार्गदर्शन कधी मागवलं, कुणाकडून, आलं तर कोणत्या बाजूने येणार, काही नाही. माणूस वाईट नाही. उद्या ऑडिट लागलं तर त्याच्या सहीवर बोट ठेवणार, म्हणून तो सही करत नाही. आणि सही केली नाही म्हणून त्याच्यावर कुणी बोट ठेवत नाही.

तिकडे वर सड्यावर दोन वर्षांत एक रिसॉर्ट उभं राहिलं. बाहेर पाटी 'होम स्टे'. आत पोहण्याचा तलाव, खालून येणाऱ्या टँकरच्या पाण्याने भरलेला. सामासिक अंतर (म्हणजे हद्दीलगत मोकळी सोडायची जागा) सोडाच, त्यांचं कुंपण पायवाटेवर आहे, आणि त्या वाटेवरून पूर्वी खरीच गुरं जायची. संडासाच्या दारात पाटी घेऊन तिथला मालक कधी उभा राहिला असेल असं वाटत नाही.

मी तात्यांना विचारलं, "त्यांच्यावर का नाही टाकली हरकत?"

"तेंच्यार?" तात्या माझ्याकडे बघत राहिले. "तेंनी खंय अर्ज केल्यानी हा? अर्जच नाय, तर हरकत टाकू खंय?"

त्यावर अधिकाऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मुलगी संगणकात शिरली आणि तात्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. हरकत मागे घेत असल्याचा अर्ज त्यांनी तिथेच बाकावर बसून लिहिला, सुरेख अक्षरात, समास सोडून. फक्त तो आवक नोंदवहीत चढल्याशिवाय फाईलला लागत नाही, नोंदवहीच्या कपाटाची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई वरच्या वाडीत नळाचं पाणी सोडायला गेलाय.