पेटी विकणे आहे म्हणे

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला. 'मधपेटी विकणे आहे. नव्यासारखी. माश्या उडून गेल्या.' खाली हसणारे इमोजी. माझं मात्र डोकंच फिरलं.

माश्या उगाच जात नाहीत हो! पाऊस लागला की फुलोरा आटतो, तेव्हा सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या, वसाहतीला साखरेचा पाक द्यावा लागतो. या पेटीच्या मालकांनी उन्हाळ्यात मध ओरपला आणि पावसाळ्यात पेटीकडे ढुंकून पाहिलं नाही. वसाहत कमजोर झाली की मेणकिडा पोळी पोखरतो, आणि सातेरी सगळं टाकून निघून जाते. गोठ्यात गाय बांधून कुणी महिनाभर गावाला जातं का?

आणि ही तीच पेटी, जिच्यापायी मे महिन्यात आमचे वॉचमन काका मरता मरता वाचले. पाहुण्यांना दाखवायला म्हणून मालकांनी ढगाळ संध्याकाळी, माश्या शांत करणारा धूर न देता झाकण उघडलं. एक माशी डसली की नांगीपाशी जो वास सुटतो, त्यावर बाकीच्या धावून येतात. मालक घरात पळाले. काका गेटवर. थोड्याच वेळात ओठ सुजले, श्वास लागला. रिक्षात घालून नेलं, इंजेक्शन वेळेवर मिळालं.

सातेरी रानातल्या आग्या माशीसारखी तापट नसते, मान्य. बहुतेकांना नुसती सूज येते, तेही मान्य. पण ज्याला ऍलर्जी आहे त्याला एकच डंख पुरतो. छंद मालकांचा आणि जीव काकांचा, हे कुठलं गणित?

त्यानंतर काहीजण औषध फवारून वसाहत मारायला निघाले होते. काकाच आडवे आले. 'त्यांचा काय दोष?' म्हणाले, चेहरा अजून सुजलेला होता.

मधमाश्या मलाही फार आवडतात. पायांना पिवळा पराग लावून परतणारी कामकरी माशी मी तासन्‌तास बघू शकते. म्हणून तर जीव तुटतो.

कुणाला खरंच पाळायच्या असतील तर आधी शिका. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. एखाद्या मधपाळाच्या हाताखाली अख्खा पावसाळा काढा, आठ-दहा दिवसांनी पेटी तपासायची सवय लावा. आणि पेटी आणण्याआधी शेजाऱ्यांना, कामवाल्या मावशींना, वॉचमनना विचारा. त्यातलं कुणी नको म्हणालं, तर आणू नका.