आधी ती पंधरा नावं वाचा, मग टक्केवारी सांगा

माझी भाची अकरावीत आहे. रशियन क्रांतीवर तिला प्रकल्प लिहायचाय. वही चाळली तर पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलेलं : 'रशियातलं पहिलं कम्युनिस्ट सरकार 85 टक्के ज्यूंचं होतं.' हे कुठून आणलंस म्हटलं, तर तिने मोबाइलच पुढे केला. "मामा, आजोबांनी ग्रुपवर टाकलंय ना!" आजोबा म्हणजे माझे वडील. आता त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा इथे लिहिलेलं बरं.

फॉरवर्डचं नाव 'शाळेत न शिकवलेला इतिहास'. मुद्दे पाच : लेनिनने झारला गादीवरून खेचलं, त्यासाठी त्याला जर्मनीने सोनं पुरवलं, सत्तेवर आलेलं सरकार ज्यूंचं होतं आणि तो त्यांचा जुना कट होता, राजवाड्यावरच्या हल्ल्यात हजारो माणसं मेली, आणि मरताना लेनिनने स्टालिनला वारस नेमलं. शेवटी अर्थातच 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'. मी कम्युनिस्ट नाही, तेव्हा 'तुम्ही लाल बावटेवाले' ही कॉमेंट करणाऱ्यांनी श्रम वाचवावेत. खालच्या तारखा नव्या कॅलेंडरप्रमाणे आहेत. तेव्हाचं रशियन कॅलेंडर 13 दिवस मागे होतं.

झारचं आधी उरकतो. 8 मार्च 1917 ला पेत्रोग्राडमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, पावासाठी रांगा लावून कंटाळलेल्या बायका आणि कापड गिरण्यांतल्या कामगार स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. आठवडाभरात शहरातलं सैन्य त्यांच्या बाजूला गेलं आणि 15 मार्चला निकोलसने गादी सोडली. तेव्हा लेनिन स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकला, ट्रॉट्स्की न्यूयॉर्कला आणि स्टालिन सायबेरियात हद्दपारीत होता. त्याच वर्षी जानेवारीत लेनिनने झ्युरिकच्या तरुण कामगारांपुढे भाषण केलं आणि आम्हा म्हाताऱ्यांना क्रांतीच्या निर्णायक लढाया बघायला मिळतील की नाही कोण जाणे, असं स्वतःच म्हणाला. म्हातारा म्हणजे वय 46. हा माणूस झारला उलथवत होता म्हणे! बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या पक्षाने, नोव्हेंबरमध्ये जे पाडलं ते झारनंतर आलेलं केरेन्स्कीचं हंगामी सरकार. झार तोवर आठ महिने कैदेत होता.

जर्मन सोन्याच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने का होईना मान्य करतो. लेनिन आणि त्याचे सोबती एप्रिलमध्ये जर्मनीतून रेल्वेने आले ते कैसरच्या सरकारच्या परवानगीने. महायुद्धात शत्रू असलेल्या रशियाच्या घरात भांडण लागलं तर जर्मनीला हवंच होतं. पैसाही गेला. जर्मन परराष्ट्रमंत्री क्यूलमान याने डिसेंबर 1917 मध्ये कळवलेलं कागदावर आहे की, आमच्याकडून निरनिराळ्या मार्गांनी सतत पैसा मिळाला म्हणूनच बोल्शेविकांना त्यांचं मुख्य वृत्तपत्र उभारता आलं. तो स्वतःच्या खात्याची पाठ थोपटत होता हे धरलं, तरी नुसतं हात झटकून चालणार नाही. पण फॉरवर्डवाले जे 'गुप्त करार' दाखवतात ती कागदपत्रं 1918 मध्ये अमेरिकन सरकारने छापली होती आणि ती बनावट असल्याचं जॉर्ज केनन या अमेरिकन मुत्सद्द्यानेच 1956 मध्ये दाखवून दिलं. शिवाय जर्मनीतून जाण्याची कल्पना मूळ मार्तोवची, म्हणजे लेनिनच्या विरोधकाची. आणि तोही पुढच्या गाडीने त्याच वाटेने आला. पैशाने छापखाना चालतो. पण उन्हाळ्यातल्या रशियाच्या फसलेल्या आक्रमणानंतर खंदक सोडून निघालेल्या शेतकरी-शिपायांना जर्मन मार्क पोचले नव्हते. त्यांना जमीन हवी होती आणि घरी जायचं होतं. सप्टेंबरमध्ये जनरल कोर्निलोव राजधानीवर चालून आला, तेव्हा केरेन्स्कीलाच बोल्शेविकांची मदत घ्यावी लागली. त्यानंतर पेत्रोग्राड आणि मॉस्को, दोन्ही शहरांच्या सोव्हिएतमध्ये, म्हणजे कामगार-सैनिकांच्या निवडून आलेल्या परिषदांमध्ये, बोल्शेविकांचं बहुमत झालं.

आता ज्यूंकडे येऊ. हे लिहायला बसलो ते यासाठीच.

8 नोव्हेंबरच्या रात्री सोव्हिएतांच्या काँग्रेसपुढे पहिल्या सरकारची यादी वाचली गेली. जॉन रीड हा अमेरिकन पत्रकार त्या वेळी पेत्रोग्राडमध्ये होता आणि त्याने ती आपल्या पुस्तकात जशीच्या तशी छापली आहे. रेल्वे खातं रिकामं होतं, बाकी माणसं पंधरा : लेनिन, रिकोव, मिल्युतिन, श्ल्याप्निकोव, अंतोनोव-ओव्सेयेंको, क्रिलेंको, दिबेंको, नोगिन, लुनाचार्स्की, स्क्वोर्त्सोव, ट्रॉट्स्की, लोमोव, तेओदोरोविच, अविलोव, स्टालिन. यात रशियन आहेत, युक्रेनी आहेत, तेओदोरोविच पोलिश कुटुंबातला, स्टालिन जॉर्जियन. ज्यू किती? एक. ट्रॉट्स्की. पंधरांत एक म्हणजे 85 टक्के हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात ते मला कळवा.

"पण पुतिन स्वतः म्हणाले!" हो, म्हणाले. जून 2013 मध्ये मॉस्कोच्या ज्यू संग्रहालयात बोलताना त्यांनी 80 ते 85 टक्के असाच आकडा सांगितला. चुकीचा सांगितला. राष्ट्राध्यक्ष बोलले म्हणून यादीतली नावं बदलत नाहीत.

लेनिनच्या आईचे वडील अलेक्झांडर ब्लांक जन्माने ज्यू होते, पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. हेही खरं. लेनिनच्या बहिणीने 1932 मध्ये स्टालिनला पत्र लिहून ही माहिती जाहीर करावी अशी विनंती केली, म्हणजे देशातला ज्यूद्वेष कमी होईल. स्टालिनने नकार दिला. आता ज्याला आईच्या वडिलांवरून माणसाचा कट शोधायचाय त्याने खुशाल शोधावा.

सरकार सोडून पक्षाच्या केंद्रीय समितीकडे बघितलं, तर ज्यूंचं प्रमाण नक्कीच मोठं होतं. उठावाचा निर्णय 23 ऑक्टोबरच्या बैठकीत झाला. बारा जण हजर होते, त्यांतले सहा ज्यू : ट्रॉट्स्की, झिनोव्येव, कामेनेव, स्वेर्दलोव, उरित्स्की, सोकोल्निकोव. (बैठक झाली ती सुखानोव नावाच्या मेन्शेविकाच्या, म्हणजे विरोधी समाजवादी गटातल्या माणसाच्या घरी. बायको बोल्शेविक, तिने नवऱ्याला त्या रात्री घरी न येण्याचा सल्ला दिला होता.) ठराव दहा विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. विरोधातली दोन मतं कुणाची? झिनोव्येव आणि कामेनेव. दोघेही ज्यू. ज्यूंचा कट असेल, तर त्या कटाविरुद्ध मत देणारेही फक्त ज्यूच निघाले!

आणि इतके ज्यू तरुण क्रांतिकारक पक्षांत का गेले, हे विचारायची तसदी कुणी घेत नाही. झारच्या राज्यात बहुतेक ज्यूंना ठरवून दिलेल्या पश्चिमेकडच्या प्रांतांबाहेर राहायची बंदी होती. 1887 पासून शाळा-कॉलेजांत त्यांच्या प्रवेशावर टक्केवारीची मर्यादा होती. 1903 मध्ये किशिनेवला त्यांची घरं फोडून माणसं मारली गेली. अशा घरातला शिकलेला मुलगा झारचा भाट होईल अशी अपेक्षा होती का? पण तो बोल्शेविकच झाला असंही नाही. ज्यू कामगारांचा स्वतःचा पक्ष होता, बुंद. 7 नोव्हेंबरच्या रात्री त्याचे प्रतिनिधी बोल्शेविकांचा निषेध करून सोव्हिएतांच्या काँग्रेसमधून निघून गेले. मार्तोव ज्यू, आणि लेनिनचा कट्टर टीकाकार. 30 ऑगस्ट 1918 ला लेनिनवर गोळ्या झाडल्याबद्दल पकडली गेलेली फानी काप्लान ज्यू. त्याच दिवशी पेत्रोग्राडच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख उरित्स्की मारला गेला. मेलेला ज्यू, मारणारा कानेगिसेरही ज्यू. 1922 च्या पक्षगणनेत ज्यू सभासद सुमारे 5 टक्के निघाले.

'ज्यू म्हणजेच बोल्शेविक' हा प्रचार बोल्शेविकविरोधी श्वेत सैन्याने यादवी युद्धात गावोगाव नेला. फक्त त्यांनीच नव्हे, युक्रेनमधल्या इतर सैन्यांनी आणि टोळ्यांनीही. फेब्रुवारी 1919 मध्ये युक्रेनमधल्या प्रोस्कुरोव गावात काही तासांत हजाराहून अधिक ज्यू कापले गेले. 1918 ते 1921 या काळात एकूण बळी कमीत कमी अंदाजानेही दहा हजारांच्या पटीत जातात. हिटलरने हीच ओळ उचलली आणि पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. त्या ओळीचं मराठी रूप आता आमच्या घरच्या ग्रुपवर 'सुप्रभात'च्या फुलांखाली पडलंय. गंमत म्हणजे ते पाठवणाऱ्या माझ्या वडिलांचं बालपण अलिबागला गेलं. तिथल्या इस्रायल आळीतले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायली घरी मराठीच बोलत. द्वेषाचा हा माल कोकणात कधी पिकला नाही. आयात केलेला आहे, तोही शंभर वर्षं जुना.

राजवाड्यातले हजारो मृत? 7 नोव्हेंबरच्या उठावाच्या रात्री हिवाळी राजवाड्यात अगदी मोजके लोक मेले. आत होते थोडे कॅडेट आणि स्त्रियांच्या पलटणीतल्या सैनिक. फॉरवर्डसोबतचा गर्दीचा जो फोटो आहे तो 1920 च्या वर्धापनदिनी सादर केलेल्या भव्य देखाव्याचा. पुढे.

लेनिनने स्टालिनला वारस नेमलं, हे तर उलटंच. एप्रिल 1922 मध्ये स्टालिन सरचिटणीस झाला हे खरं. पण 4 जानेवारी 1923 ला आजारी लेनिनने पक्षासाठीच्या आपल्या पत्राला एक जोडटीप सांगून लिहून घेतली : स्टालिन फार उद्धट आहे, त्याला या पदावरून हलवण्याचा विचार करा. लेनिन गेल्यावर पक्षाच्या वरिष्ठांनी ते पत्र दडपलं, आणि त्या वेळी स्टालिनला सांभाळून घेणारे होते झिनोव्येव आणि कामेनेव. 1936 मध्ये स्टालिनने दोघांनाही गोळ्या घातल्या. वरच्या पंधरांपैकीही निम्म्याहून अधिक जण 1937-38 च्या सुमारास तसेच संपले.

बाबांना खरोखरच बोल्शेविकांवर आरोप करायचे असतील, तर त्यांना खोट्या टक्केवारीची गरज नाही. नोव्हेंबर 1917 मध्ये संविधानसभेच्या निवडणुका झाल्या. बोल्शेविकांना जेमतेम चौथा हिस्सा मतं पडली, समाजवादी क्रांतिकारक या दुसऱ्या पक्षाला त्याहून कितीतरी जास्त. सभा 18 जानेवारी 1918 ला भरली. तिच्या बाजूने निघालेल्या मोर्चावर त्या दिवशी गोळीबार झाला. पहाटे एका खलाशाने अध्यक्ष चेर्नोवला येऊन सांगितलं की पहारेकरी दमलेत, आता उठा. दुसऱ्या दिवशी दारं बंद. गुप्त पोलीस त्याआधीच, डिसेंबरमध्ये, स्थापन झाले होते. यातलं एक अक्षरही त्या फॉरवर्डमध्ये नाही.